लाकडातला खिळा काढायला कोणतं हत्यार घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणी चाळ पाडताना मिळालेली सागवानी खिडकी सोडवतंय, कोणी गणपतीनंतर मखराची चौकट मोडतंय, कोणी उरणच्या बाजूने आलेली पॅलेट आणून गॅलरीसाठी बाकडं करतंय. ठाण्यापासून पनवेलपर्यंत प्रश्न फिरून फिरून तेच येतात. इथे ते सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून जिथे लागेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. घरात हातोडी आहे, तिच्या मागच्या पंजाने खिळे निघतातच की. वेगळं हत्यार कशाला?

खिळ्याचं डोकं वर असेल, खिळा सरळ असेल आणि लांबी तीन इंचांच्या आत असेल तर खरंच काही नको. पंजा हातोडी अडते ती तीन ठिकाणी. डोकं लाकडात बुडालेलं असलं की पंजाला शिरायला जागा नसते. त्याला डोक्याखाली निदान दोन-तीन मिलिमीटर फट लागते. डोकंच नसलं की पंजा खिळ्यावरून घसरतो. आणि शेजारचं लाकूड जपायचं असलं की हातोडीच्या माथ्याचा वळ त्यावर उमटतो. म्हणून आधी खिळ्याचं डोकं बघा, मग काय वाचवायचंय ते ठरवा: लाकूड की वेळ. हत्यार त्यावरून ठरतं.

२. दुकानात नेमकं काय मागायचं? नावं सांगितली की भलतंच हातात देतात.

‘पक्कड’ म्हणालात तर वायरमनची पक्कड मिळेल, ‘पहार’ म्हणालात तर खड्डे खणायची. सुतार ज्याला जंबूर म्हणतात ते, म्हणजे गोल तोंडाची खिळे उपटायची पक्कड, हवं असेल तर काउंटरवर ‘टॉवर पिन्सर’ म्हणा. ठाणे स्टेशनजवळच्या किंवा तुर्भ्याच्या हार्डवेअरवाल्यांना ते नाव लगेच कळतं. हातोडी हवी तर ‘क्लॉ हॅमर’. चपटी, दोन्ही टोकांना खाच असलेली पट्टी म्हणजे ‘फ्लॅट बार’ किंवा ‘प्राय बार’. गोल किंवा षटकोनी सळईची, एका टोकाला हंसाच्या मानेसारखा बाक असलेली ती कटावणी. दुकानात तिला ‘रेकिंग बार’ म्हणतात. बुडालेलं डोकं उकरून काढणारी, टोकाला छोटा दुभंगलेला पंजा असलेली आखूड सळई ‘नेल पुलर’ म्हणून मागा. ती प्रत्येक दुकानात नसते. नसेल तर फ्लॅट बारच्या आखूड टोकावर काम भागतं.

३. एकच घ्यायचं तर काय घेऊ?

हातोडी घरात आहे असं धरलं तर आठ इंची जंबूर. डोकं असलेला खिळा, डोकं तुटलेला खिळा, चूक (म्हणजे बारीक खिळा), स्टेपल, वाकडा झालेला खिळा, सगळ्यांवर चालतं आणि छोट्या खोक्यातही जागा अडवत नाही. दुसरं घ्यायचं झालं तर दहा ते बारा इंची फ्लॅट बार. या दोहोंवर घरातली बहुतेक कामं निघतात. चोवीस इंची कटावणी पहिल्यांदा घेऊन येणारे बरेच असतात. ती दाराची चौकट उपटायला ठीक, पण खिळा काढायला नेली की खिळ्याबरोबर फळीही येते.

४. जंबूर घेताना काय तपासायचं? सगळे सारखेच दिसतात.

तोंड मिटून ट्यूबलाइटसमोर धरा. दोन ओठांमधून उजेड दिसता कामा नये. कडेला केसाएवढी फट चालेल, मध्ये अजिबात नको, कारण खिळा मध्येच धरायचा असतो. मग वर्तमानपत्राचा तुकडा ओठांत धरून ओढा. पूर्ण रुंदीवर कागद घट्ट राहिला पाहिजे. खिशातून एक इंची बारीक खिळा नेलात तर उत्तम: अर्धवट ठोकलेल्या खिळ्याला तोंड लावून हलका दाब द्या, घसरला तर परत ठेवा.

सांध्याच्या रिव्हिटमध्ये खेळ आहे का ते दांडे एकमेकांच्या वर-खाली हलवून पाहा. गालांचा बाहेरचा भाग रुंद आणि गोलसर हवा. का ते प्रश्न ५ मध्ये आहे. आणि एक फसगत सांभाळा: ‘एंड निपर’ दिसायला जंबुरासारखाच असतो, पण त्याचे ओठ तार कापायला धारदार केलेले असतात. त्याने जोर लावलात की डोकं कापून हातात येतं आणि खिळा लाकडातच राहतो.

मापं साधारण सहा, आठ आणि दहा इंच अशी मिळतात. सहा इंची चुका आणि स्टेपलसाठी, दहा इंची सेंट्रिंगच्या लाकडासाठी.

५. जंबुराने घट्ट धरून ओढतो, तरी खिळा जागचा हलत नाही. काय चुकतंय?

ओढताय, तेच चुकतंय. जंबूर ओढायचा नसतो, लोळवायचा असतो. तोंड लाकडाला टेकेपर्यंत खाली न्या, खिळ्याला अगदी मुळाशी धरा, आणि दांडे एका बाजूला आडवे पाडा. रुंद गाल टेकू होतो आणि खिळा पाच-सात मिलिमीटर वर येतो. सोडा, पुन्हा मुळाशी धरा, पुन्हा लोळवा. अडीच इंची खिळ्याला असे सात-आठ घास लागतात.

लोळवायची दिशा लाकडाच्या रेषांच्या बाजूने ठेवा. आडव्या दिशेने लोळवलंत तर भोक लांबट होतं आणि कड तुटते. गालाखाली लांबी (पुटी) भरायचा पत्रा किंवा सनमायकाचा तुकडा सरकवला की वळ उमटत नाही. मूठ मात्र खिळा घसरणार नाही इतकीच आवळा. जोर लोळवण्यात जाऊ द्या.

६. पंजा हातोडी कोणत्या वजनाची आणि कोणत्या दांड्याची?

घरासाठी ४५० ग्रॅमची, म्हणजे दुकानदार जिला सोळा औंसाची म्हणतो ती. सव्वादोनशे ग्रॅमची हातोडी चुका ठोकायला छान, पण तिचा दांडा दोन इंची खिळ्यालाही कुरकुरतो. पंजा बाकदार घ्या. सरळ पंजा फळ्या फाकवायला असतो.

पंजाची खाच आत जाताना निमुळती होत टोकाशी अगदी अरुंद झाली पाहिजे. एक इंची खिळ्याची जाडी सुमारे दीड मिलिमीटर असते. खाच तितकी निमुळती नसली तर पंजा बारीक खिळे सोडून देतो. खाचेच्या आतल्या कडा बोटाला जाणवतील इतक्या टोकदार हव्यात. ओतीव लोखंडाची स्वस्त हातोडी घेऊ नका, तिचा एक शेंडा कधीतरी तुटून उडतो. घडाईची, म्हणजे ‘ड्रॉप फोर्ज्ड’ असं लिहिलेली घ्या.

दांड्याबद्दल: आपल्याकडे पावसाळ्यात लाकडी दांडा फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसून माथा सैल होतो. पाण्यात भिजवून तात्पुरता घट्ट करतात, पण वाळला की तो आधीपेक्षा सैल. पाचर नवी मारणं हाच उपाय. ही कटकट नको असेल तर फायबरचा किंवा अखंड पोलादी दांडा. ठोकण्यात लाकडाची मजा वेगळी, हे मान्य. उपटण्यात मात्र पोलादी दांडा सरस.

७. हातोडीखाली लाकडाचा ठोकळा ठेवा म्हणतात. फक्त वळ उमटू नये म्हणून?

ते एक कारण झालं. खरं कारण तरफेचं. सुरुवातीला हातोडी पंजाच्या बाकावर टेकलेली असते, खिळ्यापासून साधारण साडेतीन सेंटीमीटरवर. हात तिथून २८ सेंटीमीटरवर असेल तर जोर आठपट होतो. १० किलोच्या ढकलण्याला ८० किलोची ओढ. खिळा वर येत जातो तसा टेकू माथ्याच्या बाजूला सरकतो, अंतर सात सेंटीमीटर होतं आणि जोर चौपटीवर येतो. शिवाय खिळा तिरका ओढला जातो, वाकतो, भोक रुंदावतं. म्हणून खिळा इंचभर वर आला की थांबा आणि माथ्याखाली खिळा जितका वर आलाय तितक्या जाडीचा ठोकळा सरकवा. टेकू पुन्हा जवळ येतो. लांब खिळ्याला ठोकळा दोनदा बदलावा लागतो.

८. डोकं लाकडात बुडालंय. पंजाही शिरत नाही, जंबूरही धरत नाही.

हे नेल पुलरचं काम. पंजाची दोन टोकं डोक्याच्या मागे तीन-चार मिलिमीटरवर ठेवा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. सळई सुमारे ४५ अंशांत धरून दोन-तीन ठोके द्या, म्हणजे टोकं डोक्याखाली शिरतील. मग दांडी मागे ओढा. डोकं सहा-आठ मिलिमीटर वर आलं की हे हत्यार बाजूला ठेवा आणि जंबूर किंवा पंजा हातोडी घ्या. नेल पुलरनेच शेवटपर्यंत ओढत राहिलात तर खड्डा दुप्पट होतो. खड्डा होणार हे धरूनच चाला. दर्शनी लाकडावर हे करू नका.

ठोके द्यायला सुताराच्या हातोडीपेक्षा एक किलोची बोथट हातोडी बरी. दोन हातोड्या एकमेकींवर तर कधीच आपटू नका. दोघींचे माथे कडक केलेले असतात, कपची उडते आणि ती डोळ्याच्या उंचीवरच उडते. चष्मा लावाच.

मागची बाजू उघडी असेल आणि टोक बाहेर आलेलं असेल तर उकरायची गरजच नाही. टोकावर ठोका, डोकं समोर आपोआप वर येतं.

९. डोकं तुटून गेलं, आता नुसती काडी उरलीय.

काडी बाहेर असेल तर प्रश्न ५ प्रमाणे जंबूर. तीन-चार मिलिमीटरच बाहेर असेल तर लॉकिंग पक्कड काडीवर आवळून बसवा, आणि तिच्या जबड्याखाली फ्लॅट बार घालून उचला. लाकडाच्या पातळीला तुटली असेल तर दोन वाटा: काडीपेक्षा किंचित बारीक पंच (ठोकायची बोथट सळई) ठेवून ती मागच्या बाजूने पार घालवा, किंवा दोन मिलिमीटर आत ठोकून वरून लांबी भरा. दुसरी वाट आळशी वाटते, पण त्या लाकडावर पुढे रंधा किंवा करवत चालणार नसेल तर तीच शहाणपणाची.

१०. बीडिंगची पट्टी न फोडता काढायचीय.

इथे खिळ्याला हातच लावायचा नाही. आधी पट्टीच्या कडेने कटर फिरवून पॉलिशचा थर कापा, नाहीतर सालपटं निघतात. मग लांबीचा रुंद पत्रा आत सरकवा, त्यामागे दुसरा, आणि दोन पत्र्यांमध्ये फ्लॅट बारचं पातळ टोक. प्रत्येक खिळ्याजवळ थोडं थोडं उचला. एका टोकापासून उचकटलीत तर पट्टी दुसऱ्या खिळ्याशी मोडते.

पट्टी सुटली की त्यातले खिळे मागून, म्हणजे टोकाच्या बाजूने, जंबुराने ओढून घ्या. बारीक डोकं पट्टीतून आरपार मागे येतं आणि दर्शनी भोक होतं तेवढंच राहतं. पुढून ठोकून काढलंत तर डोक्याबरोबर पॉलिशची कपची गेलीच. गनने मारलेल्या पिना तर सव्वा मिलिमीटरच्याच असतात, त्यांनाही हाच नियम.

११. ऐरोलीला खाडीजवळ राहतो. खिळे गंजून लाकडाशी एकजीव झालेत. तेल सोडू का?

लाकडात तेलाचा उपयोग थोडा आणि नुकसान जास्त. ते खिळ्याच्या कडेने उतरण्याऐवजी लाकूडच पिऊन टाकतं; डाग राहतो, पुढे पॉलिश धरत नाही.

खाऱ्या हवेत गंज लवकर चढतो आणि तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून खिळा जणू पाचर मारल्यासारखा बसतो. ती पकड आधी मोडावी लागते. डोक्यावर एक नेमका ठोका देऊन खिळा मिलिमीटरभर आत घाला. ‘टक्’ असा कोरडा आवाज आला की पकड सुटली, मग ओढा.

एवढ्याने नाही झालं तर ६० वॉटचं किंवा मोठं सोल्डरिंग आयर्न डोक्यावर एक-दोन मिनिटं टेकवा, पाच मिनिटं निवू द्या आणि मग ओढा. तापण्या-निवण्यात गंजाचा थर तडकतो. गॅसची बत्ती वापरू नका. लाकूड जळतं ते जळतंच, आणि जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं. त्याचा धूर छातीत नको.

इतकं करूनही डोकं तुटलं तर प्रश्न ९.

१२. पावसाळ्यात खिळे जास्त घट्ट का वाटतात?

लाकूड दमटपणाने फुगतं आणि खिळ्याला आवळतं. घाई नसेल तर दिवाळीनंतर हात घाला. फळ्या आठवडाभर वाऱ्यावर उभ्या ठेवल्या तरी फरक कळतो. कडक उन्हात मात्र नको, चिरा जातात.

१३. पॅलेटच्या फळ्या काढताना दर दुसरी फळी फुटते. कोणतं हत्यार चांगलं?

हत्यार बदलून फार सुधारणार नाही, पद्धत बदला. पॅलेटमध्ये बहुधा पिळाचे किंवा कड्यांचे खिळे असतात, सुटू नयेत म्हणूनच बनवलेले. फळी मात्र पाऊण इंचाची, वाळलेली, आणि टोकाला आधीच चिरलेली. कटावणीने फळीच्या टोकाखाली जोर लावला की खिळ्याआधी फळी हार मानते.

जोर फळीवर द्यायचा तो सांध्याला अगदी लागून. पॅलेट उभी करून फळीखाली, आडव्या दांड्याला चिकटून, लाकडाचा तुकडा धरा आणि त्यावर ठोका. एका दांड्याशी दोन ठोके, मग दुसऱ्याशी, मग तिसऱ्याशी. फळी समांतर उचलली गेली पाहिजे. सेंटीमीटरभर उचलली की वरून सांध्यावर ठोकून फळी परत बसवा. डोकी वर राहतात आणि पंजात येतात. पिळाचा खिळा जंबुरात धरून फिरवत काढा. कड्यांचा खिळा फिरवून उपयोग नाही, तो तंतू फाडतच येतो.

फळ्या फार हव्या असतील तर फळी आणि दांडा यांच्या फटीत हॅक-सॉचं पातं घालून खिळे कापा. डोकी फळीत राहतात, दिसायला वाईट दिसत नाहीत.

आणायच्या आधी शिक्का वाचा. गव्हाच्या कणसाच्या चिन्हाशेजारी ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं आहे. ‘एमबी’ असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. असं लाकूड घरात आणू नका.

१४. जुन्या घराचं सागवान घेतलंय. त्यातले खिळे वेगळेच आहेत, चौकोनी.

ते लोहाराने घडवलेले किंवा पत्र्यातून कापलेले. चौकोनी खिळा फिरवायचा नाही, लाकूड चिरतं. पण तो टोकाकडे निमुळता असल्यामुळे एकदा पाच मिलिमीटर हलला की पुढे सहज येतो. म्हणून सगळी मेहनत पहिल्या हालचालीवर: आधी मागून टोकावर ठोका, मग जंबूर.

टोक मागे बाहेर काढून वळवलेलं असेल, जुन्या दारांच्या बिजागऱ्यांना हमखास असतं, तर ते आधी पटाशीच्या पाठीने किंवा फ्लॅट बारच्या कोपऱ्याने उचलून सरळ करा. वळलेलंच ओढलंत तर मागची ढलपी जाते. सरळ होत नसेल तर वळलेला भाग कापून टाका.

खरा धोका न दिसणाऱ्या खिळ्याचा. सागाच्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की निळसर काळा डाग पडतो. रेषांच्या दिशेने लांबट, मध्ये गडद. असा डाग दिसला आणि भोक दिसलं नाही तर खिळा आत आहे असंच समजा. दोऱ्याला बांधलेलं बारीक पण जोरदार चुंबक फळीवरून संथ फिरवा, कुठे ओढ घेतं ते कळेल. कारखान्यात प्लेनरवर फळी लावण्याआधी हे केलं नाही तर एका तुटक्या खिळ्याने पात्यांच्या पूर्ण संचाला दाते पडतात. बरेच कारखानदार जुनं लाकूड यासाठीच घेत नाहीत.

खिळे निघाल्यावर डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने फिका होतो. ते विषारी आहे. हातमोजे घाला, नंतर लाकूड दोनदा स्वच्छ पाण्याने पुसा.

१५. भिंतीतला खिळा काढला तर मूठभर प्लास्टर आलं. लाकडातला नव्हता ना?

अर्धा होता. जुन्या घरांत भिंतीत लाकडी गिट्टी बसवून तिच्यात खिळा मारलेला असतो. सरळ ओढला की गिट्टीसकट येतो. जंबुराने खिळा आधी थोडा फिरवून सैल करा, गालाखाली रुंद पत्रा ठेवा म्हणजे जोर प्लास्टरवर एका ठिकाणी येणार नाही, आणि मगच लोळवा. जवळ स्विचबोर्ड असेल तर आधी मेन बंद करा. वायर कुठून गेलीय ते खिळा मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

१६. काळपट, कडक खिळा आहे. वाकत नाही, सरळ तुटतो.

तो काँक्रीटचा खिळा, लाकडात चुकून मारलेला. कडक केलेलं पोलाद वाकत नाही, तडकतं. बाजूला लोळवू नका, ठोकळा ठेवून शक्य तितका सरळ वर काढा. जंबुराने कापायला जाऊ नका, ओठांना खाच पडेल. चष्मा इथेही हवाच.

१७. ओढून ओढून दमलो, मग कळलं तो स्क्रू होता.

रंगाखाली दोन्ही सारखेच दिसतात. डोक्यावर कटरच्या टोकाने खरवडा. खाच किंवा फुली दिसली तर स्क्रू-ड्रायव्हर.

१८. मखराच्या चौकटीतल्या स्टेपल पिना काढायला वेगळं काही लागतं का?

‘स्टेपल लिफ्टर’ मिळतो, पण एका मखरासाठी नको. बारीक चपटा स्क्रू-ड्रायव्हर पिनेच्या मध्ये घालून पीळ द्या, एक पाय वर आला की सहा इंची जंबूर. कापड वाचवायचं असेल तर स्क्रू-ड्रायव्हर कापडाच्या बाजूने न घालता पिनेच्या लांबीच्या दिशेने घाला.

१९. दांड्यात पाइप घालून लांबी वाढवली तर?

हातोडीला अजिबात नको. दांडा किंवा पंजा तुटतो आणि तुम्ही मागे पडता. हातोडी अपुरी पडते तिथे २४ इंची कटावणी घ्या. तिलाही पाइप लावायची वेळ आली तर खिळ्याची पकडच मोडलेली नाही; प्रश्न ११ बघा.

२०. पंजा बोथट झालाय, खिळ्यावरून घसरतो. नवी हातोडी घेऊ?

आधी तिकोनी कानस खाचेतून फिरवा, दोन्ही आतल्या कडांवर सारख्या घासण्या, बाहेरून आत. ग्राइंडरवर धरू नका. पोलाद निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं, मग पुन्हा बोथट व्हायला वेळ लागत नाही. जंबुराच्या ओठांनाही हेच, फक्त तिथे चपटी कानस. काम झाल्यावर तेलाचं फडकं फिरवून ठेवा, नाहीतर जुलैत सांधा जाम होतो.

२१. काढलेले खिळे पुन्हा वापरता येतात का? आणि पायात गेला तर?

सरळ आणि न गंजलेले, तात्पुरत्या कामाला, हो. वाकलेला सरळ केलेला खिळा दुसऱ्यांदा तिथेच वाकतो. टोकं वर करून फळ्या पसरून ठेवू नका. खिळे काढणं होईपर्यंत टोकं निदान वाकवून ठेवा आणि शेवटी जमिनीवरून चुंबक फिरवा.

टोचलाच तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, त्यामुळे चकचकीत खिळाही तितकाच धोक्याचा. शेवटची लस कधी घेतली ते आठवून जा: घाणेरड्या जखमेला पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा देतात.